तुम्ही न खाल्लेली पालेभाजी

परवा तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येक माणसाने माझं कौतुक केलं. तुमच्या कारखान्यातले जुने मित्र म्हणाले, "पथ्य सांभाळावं तर वहिनींनी." शेजारच्या अक्का म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून सरांनी एवढे दिवस काढले." मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाहीये. तुम्ही असतात तर लगेच ओळखलं असतंत की मास्तरीणबाईंना उत्तर येत नाहीये, म्हणून त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या आहेत.

जेवणं आटोपल्यावर माझी धाकटी जाऊ सुनंदा स्वयंपाकघरात आली. तुमच्या धाकट्या भावाचा, श्रीधरभावोजींचा, अंगठा गेल्या महिन्यात सुजला आणि त्यांनाही गाउटच निघाला, हे तुम्हाला माहीत होतं. तिने फ्रिजच्या दारावरच्या माझ्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "ताई, सांगलीला पोचले की यांनाही हेच लावते. पालेभाजी पूर्ण बंद." मी म्हणाले, "लाव." ती यादी चुकीची आहे हे पक्कं माहीत असताना म्हणाले. पाहुण्यांनी भरलेल्या घरात खरं सांगायला माझं तोंड उघडेना. ते सांगायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागली असती, आणि ती तर मी तुमच्यापाशीही कधी केली नव्हती.

आता सगळं पहिल्यापासून लिहिते. मधे बोलू नका. तुम्हाला ती सवय होती.

महादेवपुऱ्यात आपण घर बांधलं तेव्हा इथे आयटी पार्क नव्हते. तळ्याच्या कडेने पालेभाज्यांचे वाफे होते आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी तिथून ओल्या मुळांच्या जुड्या पिशवी भरून आणायचात. पुढे वाफे गेले, तिथे काचेच्या इमारती आल्या, पण कोपऱ्यावर रत्नम्माची सोप्पूची गाडी राहिली. सगळ्या पालेभाज्यांना इथे सोप्पू म्हणतात आणि तुम्ही घरातही तसंच म्हणायचात. निवृत्त झाल्यावर तर तुमचा दिवसच त्या गाडीपाशी सुरू व्हायचा. "सार्, इवत्तु सब्बसिगे चेन्नागिदे," ती लांबूनच सांगायची. म्हणजे आज शेपू छान आहे. तुमचं कन्नड कारखान्यात घासून गुळगुळीत झालेलं. मी अठ्ठावीस वर्षं इथल्या शाळेत हिंदी शिकवली, पण माझं कन्नड "स्वल्प" म्हणजे थोडं आणि "सरी" म्हणजे बरं, यांच्या पुढे गेलं नाही.

मग पुढच्या खोलीत कालचा पेपर पसरून तुम्ही भाजी निवडायला बसायचात. त्यावरून आपली भांडणं ठरलेली. मी म्हणायची, मेथीचे देठ टाका. तुम्ही म्हणायचात, कोवळे देठ टाकणाऱ्या माणसाला भाजी खायचा हक्क नाही. पालक धुतलेल्या पाण्यात तळाला माती दिसली की मला हाक मारून दाखवायचात, "बघ, अजून एक पाणी." सकाळचा दीड तास त्यात जायचा आणि तो तुम्हाला कमी पडायचा. चाळीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासलेला माणूस एकेक पान उजेडात धरून बघायचा. त्याचं मला हसू यायचं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला. चादर टेकली तरी तुम्ही कळवळायचात. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, यूरिक ॲसिड वाढलंय म्हणाले. सुजेसाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ती उतरल्यावर रोज घ्यायची एक छोटी गोळी. खाण्याबद्दल एवढंच बोलले की दारू आणि मटण कमी करा. दारूला तुम्ही शिवत नव्हतात, मटण वर्षातून दोनदा. माझा विरस झाला. एवढा मोठा आजार आणि पथ्य काहीच नाही? मला वाटलं, डॉक्टरांना घाई होती.

त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी यादी पाठवली. पालक, मेथी, शेपू, चवळी, राजगिरा, सगळ्या डाळी. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि बंद करायच्या गोष्टींखाली लाल शाईने रेघ मारली. तुम्ही ती वाचून म्हणालात, "बाई, शाळा सुटली तरी तुझं लाल पेन सुटत नाही." एक दिवस रुसलात. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणालात, "बरं. सोडली."

तुमचं असं होतं की एकदा सोडली म्हटलं की संपलं. सिगारेट अशीच एका सकाळी सोडलीत, निखिलचा जन्म झाला तेव्हा. पुन्हा कधी हातात धरली नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

रोजची गोळी सुरू करून तीन आठवडे झाले आणि पाय पुन्हा सुजला, पहिल्यापेक्षा जास्त. मी म्हणाले, ही गोळीच बाधतेय. मोबाइलवर एका बाईंनी सांगितलं होतं की अशा रोजच्या गोळ्यांनी किडनी जाते. डॉक्टरांकडे जाऊन विचारायचं सुचलं नाही, कारण मला उत्तर मिळालेलं होतं. ती पाकिटं मी कचऱ्यात टाकली. तुम्ही म्हणालात, "विचारूया ना एकदा." मी म्हणाले, "तुमच्या किडनीसाठीच करतेय." आणि सुजेची गोळी मात्र ठेवली. ती काय, दुखेल तेव्हाच घ्यायची. औषधाच्या दुकानात नाव सांगितलं की मिळायची, चिठ्ठीसुद्धा कुणी मागत नसे. भाजी बंद झाली म्हणून जीवनसत्त्वं कमी पडू नयेत, यासाठी रोज सकाळी मोठा पेलाभर मोसंबीचा रस, वर दोन चमचे साखर. तुम्हाला तो आवडायचा नाही. माझ्यासमोर उभं राहून संपवायचात.

पाच वर्षं असंच चाललं. दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, पुन्हा दुधी. पाय वर्षातून दोनदा सुजायचा, मग चारदा, मग मी मोजणं सोडलं. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस त्या दुकानातल्या गोळ्या. आणि प्रत्येक वेळी मी तुम्हाला एकच प्रश्न विचारायची: "बाहेर काय खाल्लंत?" पथ्य माझं होतं, ते चुकणं शक्य नव्हतं. चुकणारे तुम्हीच.

"काही नाही गं," तुम्ही म्हणायचात. शाळेत मला हे उत्तर रोज मिळायचं आणि ते बहुतेक वेळा खोटं असायचं.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ तुम्ही विसरला नव्हतात, मला खात्री आहे. पायाची सूज आदल्याच दिवशी उतरली होती. तुम्ही फिरून आलात, मी पाण्याचा तांब्या दिला आणि तुमच्या बोटांना शेपूचा वास आला. ताजा, झणझणीत. शेपूचा वास लपत नाही. मी म्हणाले, "आता बोला."

तुम्ही म्हणालात, "अगं, रत्नम्माला जुड्या निवडून देत होतो. खाल्ली नाही."

"तीन वर्षं भाजी बंद असलेला माणूस गाडीवर बसून दुसऱ्याची भाजी निवडतो?"

"बरं वाटतं हाताला," तुम्ही म्हणालात.

मी फोन घेतला आणि फॅमिली ग्रुपवर लिहिलं: आमच्याकडे चोरून शेपू खाल्ला जातो, चोर रंगेहाथ सापडला. खाली हसरे चेहरे पडत गेले. निखिलने व्हाइटफील्डहून लगेच फोन केला, "बाबा, कुठे मारलात डल्ला?" पुढे कितीतरी दिवस लग्नात, मुंजीत, जो भेटेल तो तुम्हाला शेपूवरून चिडवायचा. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, चला, गंमतीवर गेलं. त्यानंतर तुम्ही फिरायला जाणंही कमी केलंत, आणि मी ते पायावर ढकललं.

मग घोटे सुजले, भूक गेली, आणि निखिल आपल्याला किडनीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाई तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. मी अभिमानाने माझी पथ्याची वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "आंटी, पालक-मेथी क्यों बंद की?" मी म्हणाले, यूरिक ॲसिड. त्या शांतपणे म्हणाल्या की पालेभाजीने गाउट बळावत नाही. मांस, दारू, गोड रस, गोड पेयं, यांनी बळावतो. आणि मुळात उपाय होता ती रोजची गोळी. सुरुवातीला तिने कधी कधी पाय सुजतो, तेव्हा डॉक्टरांकडे परत जायचं असतं, गोळी टाकून द्यायची नसते. दुखण्याच्या गोळ्यांबद्दल त्या जास्त बोलल्या नाहीत. बीपीही होतं, एकच कारण सांगता येत नाही, पण या गोळ्यांनी किडनीचं बरंच नुकसान केलंय, एवढं म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "रोज की गोली किसने बंद की?"

मी वही परत घेऊन मिटली. आणि तुम्ही पटकन म्हणालात, "मैंने."

छत्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्यासमोर बोललेलं ते पहिलं खोटं. निखिल तुमच्यावर रागावला, तिथेच, डॉक्टरांसमोर. तुम्ही खाली बघत ऐकून घेतलंत. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते.

उठताना डॉक्टर म्हणाल्या की आता रक्तात पोटॅशियम वाढलंय, किडनी ते बाहेर टाकत नाही, आणि पालकात ते भरपूर असतं. "अब पालक सचमुच बंद, अंकल." तुम्ही हसलात, अगदी खरोखरीचं. बाईंना कळलं नाही का हसलात ते.

निखिल तिथूनच ऑफिसला गेला आणि आपण कॅबने निघालो. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "म्हणजे खाल्ली असती तरी चाललं असतं." थोड्या वेळाने म्हणालात, "आणि मी खाल्ली नव्हती."

तुम्ही थांबला होतात. मला दिसत होतं, तुम्ही उत्तरासाठी थांबला आहात. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, एसी थोडा कम करो."

का नाही बोलले, याचा मी गेले सात महिने विचार केला. तुमचा पाय दुसऱ्या खुर्चीवर, हातात सुई टोचलेली, चार-चार तास डायलिसिस चालायचं तेव्हा मला दुसरं कामच नव्हतं. एक गोष्ट कबूल केली असती तर तिच्या मागून सगळ्या आल्या असत्या: भाजी, रस, कचऱ्यात टाकलेली पाकिटं, दुकानातून मी स्वतः आणलेल्या गोळ्या. शेवटी, मीच तुम्हाला इथवर आणलं, हेही म्हणावं लागलं असतं. दुसऱ्याच्या चुकीवर रेघ मारण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःच्या पेपरला हात लावायची वेळ आली तेव्हा मी पेपर लपवला.

आणि तुम्ही मला एकदाही ऐकवलं नाहीत. तुमच्या जागी मी असते तर रोज सकाळ-संध्याकाळ ऐकवलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. डायलिसिसहून परत येताना तुम्हीच माझा हात धरून म्हणायचात, "दमलीस ना?" त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि त्याचाच मला रागही येतो. एकदा भांडला असतात तर मी रडले असते, रडताना बोलून गेले असते.

एकदाच तुम्ही पालक मागितलात. मी डॉक्टरांना विचारून तो दोनदा उकळला, दोन्ही वेळा पाणी ओतून टाकलं आणि उरलेल्या चोथ्याला लसणाची फोडणी दिली. दोन चमचे तुमच्या ताटात वाढले. तुम्ही चावून चावून खाल्लात आणि म्हणालात, "बाई, ही भाजी माझ्याआधी कुणीतरी खाल्लेली दिसते." दोघंही हसलो. ते आपलं शेवटचं हसणं. तेव्हाही बोलता आलं असतं. सोमवारी बोलू, निखिल नसताना बोलू, तुम्हाला जरा बरं वाटलं की बोलू, असं करत मी दिवस ढकलले, आणि मग तुम्ही गेलात.

काल रत्नम्मा आली. ती गावाला गेली होती, तिला तेराव्याचं माहीत नव्हतं. फाटकाबाहेर उभी राहून रडली. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिची मोडकी हिंदी आणि माझं मोडकं कन्नड, तरी सगळं कळलं. तुम्ही रोज अर्धा तास तिच्या गाडीपाशी कट्ट्यावर बसायचात, पिवळी पानं काढायचात, जुड्या बांधून द्यायचात. ती तिच्या डब्यातला नाचणीचा उकडलेला गोळा, इथे त्याला मुद्दे म्हणतात, आणि सोप्पूचं सार पुढे करायची. रोज करायची, कारण तुमची नजर डब्यावर असायची, तिला ते बघवायचं नाही. आणि तुम्ही रोज एकच सांगायचात: "बेडम्मा, मॅडमगे मातु कोट्टिद्दीनि." नको गं, मॅडमना शब्द दिलाय.

मी तिला विचारलं, कधीच खाल्लं नाही? एकदाही? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे विचारवेना.

आज सकाळी मी सांगलीला फोन लावला. सुनंदाने उचलला, मी भावोजींना मागून घेतलं. म्हणाले, "भावोजी, ती यादी काढून टाका, ती चुकीची आहे. पालेभाजी खुशाल खा. रस बंद करा. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर मनाने सोडू नका, सुरुवातीला पाय सुजला तरी डॉक्टरांकडेच जा. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका." ते "बरं, बरं" करत होते. मग उरलेलं सांगितलं. "तुमच्या दादांची गोळी मी बंद केली होती, त्यांनी नाही. आणि त्यांनी बाहेर कधीच काही खाल्लं नव्हतं. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, सगळ्यांसमोर घेतला."

"वहिनी," भावोजी म्हणाले, "त्या शेपूच्या दिवशी दादाने मला फोन केला होता."

मला हे माहीत नव्हतं. विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाला, श्री, मी खरंच खाल्लेलं नाही रे. तू तरी विश्वास ठेव."

"मग?"

"मी हसलो, वहिनी. म्हटलं, वहिनी उगाच कुणावर बोलायच्या नाहीत, कबूल करून टाक." नाक ओढल्याचा आवाज आला. "दादा बरं म्हणाला आणि फोन ठेवला."

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतंत. एकदाच आपल्या माणसाकडे गेलात, तेही तक्रार करायला गेला नव्हतात, आणि तिथेही माझ्याच शब्दाला वजन मिळालं. मी, मुलगा, भाऊ, ग्रुपवरची सगळी माणसं. तुमचं खरं मानणारी एक रत्नम्मा होती, आणि तिला आपण कधी घरात बोलावलंही नव्हतं.

तुम्ही खाल्लं नव्हतंत. हे मी तुम्हाला कॅबमध्ये सांगायला हवं होतं. सात महिन्यांतल्या कुठल्याही दिवशी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. ऐकायला तुम्ही नाही आहात, म्हणून म्हणता येतंय, हेही मला कळतं.

फोन ठेवल्यापासून मला त्या दिवसाची संध्याकाळ दिसतेय. तुम्ही भावोजींशी बोलून आत आला असाल. मी पानं घेतली. दुधीची भाजी होती, सलग तिसऱ्या दिवशी. तुम्ही एक शब्द न बोलता सगळं संपवलंत, ताट पुसून खाल्लंत. आणि मी ते ताट उचलताना मनात म्हटलं, गुन्हा कबूल आहे, म्हणून गप्प आहेत.